पटावरचे घड्याळ, घरातले घड्याळ

मुलामुलींनो, 'बुद्धिबळ' हा शब्द तुम्हांला कदाचित थोडा जड वाटेल; पण हा खेळ तुम्हांला परका नाही. उर्दूत आपण त्याला शतरंज म्हणतो. हा खेळ भारतात जन्माला आला, तेव्हा त्याचे नाव चतुरंग होते. येथून तो इराणात गेला, पुढे त्याचा शतरंज झाला आणि तो साऱ्या जगात पसरला. म्हणून या पटावर मराठी आणि उर्दू यांची जुनी ओळख निघते. उर्दूतला वज़ीर तोच मराठीतला वजीर. उर्दूतला प्यादा तेच मराठीतले प्यादे. शह आणि मात हे शब्द तर दोन्ही भाषांनी वाटून घेतले आहेत. एखाद्याने संकटावर 'मात केली' असे मराठीत म्हणतात, तेव्हा बोलणाऱ्याच्या तोंडी शतरंजच असते.

पट आणि सोंगट्या यांखेरीज स्पर्धेत आणखी एक वस्तू लागते. ती म्हणजे घड्याळ. हे घड्याळ जोडघड्याळ असते. एक बाजू एका खेळाडूची, दुसरी बाजू दुसऱ्याची. आपली चाल झाली की खेळाडू कळ दाबतो. त्याचे घड्याळ थांबते आणि समोरच्याचे सुरू होते. डाव सुरू होताना दोघांच्या घड्याळांत सारखाच वेळ लावलेला असतो. समोर बसलेला खेळाडू म्हातारा आहे की लहान, श्रीमंत आहे की गरीब, मुलगा आहे की मुलगी, हे घड्याळ विचारत नाही. या घड्याळाबद्दलच आज मला तुमच्याशी बोलायचे आहे. मात्र त्याआधी एका मुलीची हकिकत सांगायला हवी.

काळ्या समुद्राच्या काठी जॉर्जिया नावाचा देश आहे. तेथील बातुमी या शहरात २०२५ च्या जुलै महिन्यात महिलांची विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धा भरली होती. निरनिराळ्या देशांतून १०७ खेळाडू आल्या होत्या. स्पर्धा बाद पद्धतीची होती. जी हरली तिने घरी जायचे. त्यांत आपल्या नागपूरची दिव्या देशमुख होती. तिचे वय होते एकोणीस वर्षे. तिला पंधरावे मानांकन मिळाले होते, म्हणजे तिच्याहून वरचढ मानल्या गेलेल्या चौदा जणी तेथे होत्या. ती विजेती होईल असे फारसे कोणी धरून चालले नव्हते.

दिव्याने एकेक फेरी पार केली. दुसरे मानांकन असलेल्या चीनच्या झू जिनेर हिला तिने हरवले. मग भारताच्याच अनुभवी खेळाडू द्रोणावल्ली हरिका यांना हरवले. उपांत्य फेरीत चीनच्या तान झोंगयी समोर आल्या. त्या पूर्वी जगज्जेत्या राहिलेल्या. त्यांच्यावरही दिव्याने विजय मिळवला. अंतिम सामन्यात तिच्यासमोर बसल्या कोनेरू हंपी. गंमत पाहा, हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाल्या, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. नेहमीच्या पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग २८ जुलै रोजी थोड्या मिनिटांचे जलद डाव खेळवण्यात आले. त्यांतला पहिला बरोबरीत सुटला आणि दुसरा दिव्याने जिंकला. महिला विश्वचषक जिंकणारी ती पहिली भारतीय ठरली. डाव संपताच तिला रडू आवरेना. तिने आईला घट्ट मिठी मारली.

ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वांत मोठा किताब. तो मिळवण्यासाठी सामान्यतः तीन स्पर्धांत ठरावीक दर्जाचा खेळ करून दाखवावा लागतो आणि आपले गुणांकन २५०० पर्यंत न्यावे लागते. दिव्याला विश्वचषकाच्या विजेतेपदामुळे हा किताब थेट मिळाला. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. जगज्जेतीला आव्हान देणारी खेळाडू ज्या स्पर्धेतून निवडतात, त्या २०२६ च्या स्पर्धेत खेळण्याचा हक्कही तिला मिळाला.

वर्तमानपत्रांनी मोठ्या मथळ्यांनी ही बातमी छापली. कोणी तिला चमत्कार म्हटले, कोणी दैवी देणगी म्हटले. कौतुकाच्या भरात असे शब्द निघतात. पण मला ते शब्द धोक्याचे वाटतात. चमत्कार म्हटले की आपण हात जोडतो आणि स्वस्थ बसतो. 'तिला देणगी होती, आपल्याला नाही,' असे म्हणून पुस्तक मिटतो. म्हणून हा विजय कशाचा बनला आहे ते आपण जरा उघडून पाहू.

दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा. आईवडील दोघेही डॉक्टर. मोठी बहीण बॅडमिंटन खेळू लागली आणि दिव्याच्या हाती पाचव्या वर्षी बुद्धिबळाचा पट आला. २०१२ साली ती सात वर्षांखालील मुलींची राष्ट्रीय विजेती झाली. २०१४ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे दहा वर्षांखालील मुलींचे जागतिक विजेतेपद तिने मिळवले. २०१७ साली ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील मुलींचे. २०२२ साली ती महिलांची राष्ट्रीय विजेती झाली. २०२३ साली आशियाई विजेती. २०२४ च्या जूनमध्ये गांधीनगरला जागतिक ज्युनिअर मुलींची स्पर्धा तिने अकरापैकी दहा गुण मिळवून जिंकली. त्याच वर्षी सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाने सुवर्णपदक पटकावले, आणि तिसऱ्या पटावरच्या उत्तम खेळाबद्दल दिव्याला स्वतःचे वेगळे सुवर्णपदकही मिळाले.

आता या साऱ्या वर्षांची बेरीज करा. पाचव्या वर्षी खेळ सुरू झाला आणि एकोणिसाव्या वर्षी विश्वचषक हाती आला. मधे चौदा वर्षे गेली. या चौदा वर्षांत केवळ जिंकलेले डाव नव्हते. हरलेले डाव होते, ते पुन्हा मांडून चूक शोधण्याच्या संध्याकाळी होत्या, रेल्वेचे आणि विमानाचे प्रवास होते, शाळेचा अभ्यास होता. राहुल जोशी या नागपूरच्या प्रशिक्षकांनी तिला लहानपणी शिकवले. ही मुलगी ग्रँडमास्टर व्हावी, ही त्यांची इच्छा होती. ते २०२० साली अकाली वारले. पाच वर्षांनी किताब मिळाला, तेव्हा दिव्याने तो आपल्या या गुरूला अर्पण केला.

यावरून काय दिसते? एक डाव बुद्धीच्या जोरावर जिंकता येतो. पण अनेक वर्षांची वाटचाल, जिला आपण कारकीर्द म्हणतो, ती केवळ बुद्धीने होत नाही. तिला वेळ लागतो. रोजचा, हक्काचा, कोणी मधूनच हिरावून न घेणारा वेळ लागतो. दिव्याजवळ बुद्धी होती आणि तिला वेळही मिळाला. बुद्धी असूनही ज्यांना तो मिळाला नाही, अशा मुलींची गणती कोणी केली आहे काय?

अशा एकीचे नाव इतिहासाने जपून ठेवले आहे. ती गोष्ट ऐका.

इंग्रजी राजवटीत पंजाबात सर उमर हयात खान नावाचे एक मोठे जमीनदार होते. त्यांना शतरंजचा फार शौक. त्यांच्या पदरी सुलतान खान नावाचा एक तरुण होता. तो त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेला आणि १९२९, १९३२ व १९३३ असा तीनदा ब्रिटनचा विजेता झाला. त्याचे नाव बुद्धिबळाच्या जगात आजही आदराने घेतात. मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, २०२४ साली, जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला सन्मान म्हणून ग्रँडमास्टर हा किताब दिला. पण याच घरात चाकरी करणारी फातिमा नावाची एक तरुणीही होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तीही इंग्लंडला गेली. तेथे ती शतरंज खेळली. १९३३ साली हेस्टिंग्ज या गावी, सुलतान खानाने पुरुषांची स्पर्धा जिंकली त्याच वर्षी, फातिमाने ब्रिटनच्या महिलांचे विजेतेपद जिंकले. ज्या देशाचे तेव्हा आपल्यावर राज्य होते, त्या देशाच्या खेळाडूंना त्यांच्याच गावात एका हिंदी मुलीने मात दिली!

पुढे काय झाले? पुढे काहीच झाले नाही. मालक मायदेशी परतले, त्यांच्याबरोबर फातिमाही परतली आणि तिचे नाव मोठ्या स्पर्धांत पुन्हा कधी दिसले नाही. तिची बुद्धी एका रात्रीत नाहीशी झाली होती का? मुळीच नाही. पटावर तिचे घड्याळ होते. पण पटावरून उठल्यावर तिचा वेळ तिचा नव्हता. तो मालकाचा होता. कोठे राहायचे, केव्हा निघायचे, उद्या खेळायचे की नाही, हे ती ठरवत नव्हती. विजेतेपद मिळाले; कारकीर्द मिळाली नाही.

दुसरी गोष्ट मुंबईची आणि बरीच अलीकडची आहे. 'नवाकाळ' या दैनिकाचे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, तिघीही बुद्धिबळ खेळत. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाली आणि पहिलेच विजेतेपद वासंतीने मिळवले. पुढे कितीतरी वर्षे हे विजेतेपद या बहिणींच्या घराबाहेर गेले नाही. सर्वांत धाकटी रोहिणी १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, राष्ट्रीय विजेती झाली. त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. यापूर्वी कोणत्याही भारतीय मुलीने असे केले नव्हते.

यावरून गदारोळ झाला. मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत का खेळावे, असा प्रश्न निघाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे त्या वेळचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की, स्त्रियांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळण्यास मज्जाव करता येणार नाही. युवे स्वतः एके काळचे जगज्जेते होते. तुमच्या एवढ्या एका मुलीमुळे सगळ्या जगातल्या मुलींसाठी दार उघडले. रोहिणी पुढे १९८१ साली आशियाई विजेती झाली.

फातिमा, रोहिणी आणि दिव्या या तिघींना शेजारी शेजारी उभे करून पाहा. फातिमाजवळ बुद्धी होती. वेळ तिच्या मालकीचा नव्हता. रोहिणीला घरातून वेळ आणि पाठिंबा मिळाला. पण बाहेरचे दार बंद होते, ते ठोठावावे लागले. दिव्याच्या वेळेपर्यंत दार उघडलेले होते आणि घरच्यांनी वेळही दिला होता. २०२५ च्या सप्टेंबरात समरकंदला एक मोठी स्पर्धा झाली. तेथे महिलांचा वेगळा गट होता. तरी दिव्या खुल्या गटात, पुरुषांच्या बरोबरीने खेळली आणि तेव्हाचा जगज्जेता गुकेश याच्याशी तिने बरोबरी साधली. या वेळी कोणाला न्यायालयात जावे लागले नाही. त्याचे थोडे श्रेय १९७६ सालच्या त्या तेरा वर्षांच्या मुलीलाही द्यायला हवे.

मग आता सगळे ठीक झाले, असे म्हणायचे का? तसे नाही. २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधील वाइक आन झी या गावी दिव्या एका नामवंत स्पर्धेत खेळली. परतल्यावर तिने आपली खंत जाहीरपणे मांडली. प्रेक्षक तिच्या चालींबद्दल बोलत नव्हते. ते बोलत होते तिचे कपडे, तिचे केस आणि तिच्या उच्चारांबद्दल. पुरुष खेळाडूंच्या बाबतीत मात्र त्यांच्या खेळाचीच चर्चा होते. एका अठरा वर्षांच्या मुलीला हे सांगावे लागले, यात तिची नव्हे, पाहणाऱ्यांची शोभा झाली. परीक्षेत तुम्ही गणित बरोबर सोडवले आणि गुरुजींनी तुमच्या वहीऐवजी तुमच्या दप्तराचा रंग तपासला, तर तुम्हांला कसे वाटेल? खेळणारीची पारख तिच्या चालीवरून व्हावी. बाकीच्या गोष्टी तिच्या स्वतःच्या आहेत. त्यांवर गुण देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता काही आक्षेपांना उत्तर देतो. हे आक्षेप तुम्हीही ऐकले असतील.

पहिला आक्षेप असा की, बुद्धिबळात पुरुषच पुढे असतात. म्हणजे मुलींची बुद्धी या खेळाला पुरी पडत नसावी. भारताच्या पहिल्या ८८ ग्रँडमास्टरांत स्त्रिया अवघ्या चार आहेत, हे खरे. हंपी, हरिका, वैशाली आणि दिव्या. पण जरा हिशेब करा. एखाद्या शाळेत शंभर मुलगे खेळायला बसतात आणि पाचच मुली बसतात, असे समजा. त्या शाळेचा पहिला क्रमांक बहुतेक वर्षी मुलाकडेच जाणार. त्यावरून मुलींची बुद्धी मोजता येत नाही. किती मुलींना बसू दिले एवढेच मोजता येते. हंगेरी देशातील जुदित पोल्गार या मुलीने १९९१ साली, पंधरा वर्षे आणि चार महिन्यांची असताना, ग्रँडमास्टर होण्याचा तेव्हाचा विक्रम मोडला. तो विक्रम बॉबी फिशरचा होता. पुढे ती मुलगे आणि पुरुष यांच्याशीच खेळत राहिली, जगातल्या पहिल्या दहा खेळाडूंत पोहोचली आणि २००२ साली जलद डावात तिने गॅरी कास्पारोवलाही हरवले. एकीला जमले, याचा अर्थ वाट आहे.

दुसरा आक्षेप घरातली वडीलधारी मंडळी घेतात. शतरंज हा रिकामटेकड्यांचा खेळ, असे ते म्हणतात. त्यांच्या मनात प्रेमचंदांच्या कथेतले लखनौचे ते दोन नवाबी खेळाडू असतात. राज्य बुडाले तरी त्यांचा डाव सुटला नाही. ही कथा तुम्ही उर्दूत वाचली असेल किंवा पुढे वाचाल. तिच्यातला बोध खराच आहे. पण दोष पटाचा होता की कर्तव्य विसरणाऱ्या माणसांचा? कामधंदा सोडून खेळणे वेगळे आणि ठरलेल्या वेळी मन लावून खेळणे वेगळे. बुद्धिबळ माणसाला थांबायला शिकवते. हात सोंगटीकडे जातो, तेव्हा मन म्हणते, 'थांब, समोरचा काय करील ते आधी पाहा.' अशी सवय लागलेला विद्यार्थी अभ्यासात मागे पडेल, याचे भय बाळगण्याचे कारण नाही. अर्थात, अभ्यास टाकून तासन्‌तास पटासमोर बसावे, असेही मी म्हणणार नाही.

तिसरा आक्षेप मुलींच्या बाबतीतच निघतो. 'एवढे शिकून, खेळून काय करायचे? पुढे लग्न झाले की सगळे सुटणारच.' याचे उत्तर मी देण्यापेक्षा कोनेरू हंपी यांच्या खेळाने दिले आहे. २०१७ साली त्यांना मुलगी झाली. काही काळ त्यांनी खेळ बाजूला ठेवला. मग त्या परतल्या आणि २०१९ साली जलद बुद्धिबळात जगज्जेत्या झाल्या. २०२४ साली पुन्हा तेच विजेतेपद त्यांनी जिंकले. त्यानंतर अडतिसाव्या वर्षी त्या बातुमीच्या अंतिम सामन्यात होत्या. तेथे त्या हरल्या हे खरे. पण आपल्या निम्म्या वयाच्या मुलीशी त्यांनी शेवटच्या डावापर्यंत झुंज दिली. घरच्या माणसांची साथ असली, तर लग्न आणि मूल यांनी खेळ संपत नाही. साथ नसली, तर लग्नाआधीही तो संपतो.

चौथा आक्षेप पैशाचा. हा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दिव्याचे आईवडील डॉक्टर आहेत. प्रशिक्षकाचे मानधन, प्रवास, परदेशातला मुक्काम, हा खर्च सगळ्यांना पेलणारा नाही. जी मुलगी यंत्रमागाच्या कामगाराच्या घरी जन्मली, तिला डर्बन आणि ब्राझील कोण दाखवणार? दिव्या जिंकून आल्यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासनाने तिला तीन कोटी रुपयांचे बक्षीस दिले. त्याचा आनंदच आहे. पण फळे लागल्यावर झाडाला हार घालणारे पुष्कळ भेटतात. रोपट्याला पाणी घालणारे हात थोडे असतात. माझे मत असे की, अशा बक्षिसांबरोबर थोडा पैसा शाळाशाळांतल्या पटांवरही खर्च व्हावा. एका वर्गाला पुरतील एवढे पट आणि सोंगट्या घ्यायला फार मोठी रक्कम लागत नाही. आठवड्यातून दोन तासिका आणि खेळ समजणारे एक शिक्षक, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. जिल्ह्याच्या ठिकाणी स्पर्धा असेल, तेव्हा मुलींबरोबर एक शिक्षिका गेल्या, तर कित्येक पालक आनंदाने परवानगी देतील. 'आमची मुलगी एकटी कशी जाईल?' ही त्यांची काळजी खोटी नसते. तिची सोय केली पाहिजे.

शिवाय हा खेळ तर असा की, मुलींना नको म्हणताना जी कारणे नेहमी सांगतात, ती येथे लागूच पडत नाहीत. मैदान लागत नाही. विशेष पोशाख लागत नाही. डोक्यावर ओढणी असली तरी घोडा अडीच घरेच चालतो. अंगात फार बळ लागत नाही. ऊन नको, पाऊस नको. मालेगावच्या छोट्या खोलीत, भिवंडीच्या गल्लीत किंवा नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या घरात, चार पायांच्या एखाद्या स्टुलावर पट मावतो. मग उरते काय? उरतो तो फक्त वेळ.

आणि येथे आपण पुन्हा घड्याळाकडे येतो.

आपल्या घरातली एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. शाळा सुटली. भाऊ आणि बहीण दोघेही घरी आले. दप्तर ठेवून भाऊ खेळायला पळाला. बहिणीने दप्तर ठेवले, आणि तिला हाक आली. पाणी भरायचे आहे, धाकट्याला सांभाळायचे आहे, भांडी पडली आहेत, पोळ्या व्हायच्या आहेत. दिवेलागणीला भाऊ परत आला, तेव्हा त्याचे दोन तास त्याने वापरले होते. तिचे दोन तास कोणीतरी वापरून टाकले होते. पटावर असे झाले असते, तर पंचांनी डाव थांबवला असता. एका खेळाडूला नव्वद मिनिटे आणि दुसऱ्याला दहा, हा काय न्याय झाला! मग हरणाऱ्याला आपण 'तुझी बुद्धी कमी' असे म्हटले असते का?

घरकाम हलके आहे किंवा ते करू नये, असे मी सांगत नाही. आईला मदत करणे हे प्रत्येक मुलाचे कर्तव्य आहे. 'प्रत्येक मुलाचे' म्हणताना मी मुलग्यांनाही धरतो. वर्गातल्या मुलग्यांनो, हे तुमच्यासाठी आहे. बहिणीच्या वाट्याचे निम्मे काम तुम्ही उचलले, तर तिला रोज एक तास मिळेल. वर्षाचे तीनशे पासष्ट तास होतील. तुम्हाला त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागणार नाही. शिवाय संध्याकाळी समोर बसायला एक चांगली खेळाडू मिळेल. तिने तुम्हांला हरवले, तर रुसू नका. तोच डाव पुन्हा मांडा आणि आपली चूक कोठे झाली ते तिलाच विचारा.

मुलींनो, तुम्हांलाही एक गोष्ट सांगायची आहे. तुम्हांपैकी प्रत्येकीने बुद्धिबळच खेळावे, असा माझा आग्रह नाही. कोणाला चित्रे काढायची असतील, कोणाला धावायचे असेल, कोणाला विज्ञानाचे प्रयोग करायचे असतील, कोणाला गज़ल लिहायची असेल. पण ज्यात तुमचे मन रमते, त्यासाठी रोजचा थोडा वेळ मागून घ्या. भांडून नव्हे, पण स्पष्ट शब्दांत मागा. अब्बूंना सांगा, अम्मीला सांगा, 'हा एक तास माझा आहे. तो संपला की मी कामाला येते.' आणि तो तास मिळाला की वाया घालवू नका. मिळालेला वेळ नीट वापरणे हीही खेळाडूची परीक्षाच असते. बातुमीच्या शेवटच्या डावात घड्याळातली मिनिटे संपत आली होती आणि चुका होऊ लागल्या होत्या. हंपींसारख्या कसलेल्या खेळाडूलाही ते चुकले नाही. त्या क्षणी जिचे मन स्थिर राहिले, ती जिंकली.

आईवडील आणि शिक्षक हा पाठ वाचतील की नाही, मला माहीत नाही. तुम्ही तो त्यांना वाचून दाखवू शकता. दिव्याच्या विजयाबद्दल त्यांना अभिमान वाटत असेल, तर तो खुशाल वाटू द्या. ती आपल्या महाराष्ट्राची आहे. पण त्यांना इतकेच विचारा : १९३३ साली एक मुलगी ब्रिटनमध्ये जिंकली आणि पुन्हा खेळली नाही. आज आपल्या मोहल्ल्यात, आपल्या वर्गात, आपल्या घरात अशी कोणी फातिमा नाही ना, जिला चाल सुचते आहे, पण जिचे घड्याळ दुसऱ्याच्या हाती आहे?

असेल, तर आज संध्याकाळीच ते घड्याळ तिच्या बाजूला ठेवा. दोन्ही बाजूंना सारखा वेळ लावा. मग कोण कोणाला शह देते, ते पटावर ठरू द्या.